बिनतारी संचातील बिघाड : शोध बाहेरून आत

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप होऊन दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा हौशी रेडिओचालकांच्या बिनतारी संचांनी मदतकार्याचे निरोप पोहोचविले. पूर, वादळ वा भूकंप अशा प्रसंगी साधा जुना संचही मोलाचा ठरतो; मात्र तो नेमका त्याच दिवशी चालला पाहिजे.

जुन्या संचांत एक तक्रार वारंवार आढळते : संच ऐकतो, पण बोलत नाही. पलीकडचा आवाज स्पष्ट येत असल्याने संच ठीक आहे, असा समज होतो. परंतु ऐकण्यापेक्षा बोलण्यास कित्येक पट अधिक वीज लागते. म्हणून पुष्कळ दोष प्रथम प्रक्षेपणातच प्रकट होतात. त्यांचा शोध वीजपुरवठा, मायक्रोफोन, एरियल आणि सर्वांत शेवटी संचाचा अंतर्भाग, या क्रमाने घ्यावा.

वीजपुरवठा

बारा व्होल्टच्या बॅटरीवरील २५ वॅटचा संच ऐकताना साधारणतः एक अँपिअरहून कमी, तर बोलताना सुमारे ५ ते ६ अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेले टर्मिनल व बारीक तार यांचा मिळून रोध केवळ ०.३ ओहम असला, तरी ६ अँपिअर प्रवाहास १.८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बॅटरीपाशी १२.६ व्होल्ट असले, तरी संचापाशी १०.८ च उरतात. परिणामी शक्ती घटते व आवाज फाटतो. यास्तव व्होल्टेज संचाच्या टोकाशी आणि बोलण्याचे बटण दाबलेले असतानाच मोजावे.

मायक्रोफोन

शेजारी दुसरा संच ठेवून बटण दाबावे. त्या संचातील खरखर थांबली, पण आवाज उमटला नाही, तर लहरी बाहेर पडत आहेत. दोष मायक्रोफोनमध्ये वा त्याच्या दोरीत असण्याचा संभव अधिक. खरखर थांबलीच नाही, तर बटण व दोरी प्रथम तपासावी. वारंवार वाकल्याने दोरीतील तार प्लगजवळ तुटते. बटण दाबलेले अडकून राहिले, तर त्या वारंवारतेवरील इतर सर्वांचे बोलणे अडते, हेही ध्यानात असावे.

एरियल

पावसाळ्यात केबलच्या सांध्यातून पाणी शिरते आणि शक्ती एरियलपर्यंत पोहोचत नाही. परीक्षेसाठी एरियल काढून त्या जागी ५० ओहमचा डमी लोड व वॅटमीटर जोडावा. येथे पूर्ण शक्ती मिळाली, तर दोष केबल वा एरियलमध्ये. न मिळाली, तर संचात. एरियल जोडल्यावर २५ वॅटपैकी एखादा वॅट परत आल्यास चिंता नसावी. सहा वॅट परत येत असतील, तर प्रक्षेपण थांबवावे. एरियल वा डमी लोड जोडल्यावाचून बटण कधीही दाबू नये. अखेरच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर क्षणात जळू शकतो. प्रक्षेपण चालू असता एरियलला स्पर्शही करू नये, कारण त्याने भाजते.

संचाचा अंतर्भाग

एवढे करूनही दोष राहिला, तर लक्षणे लिहून संच तंत्रज्ञाकडे द्यावा. क्रिस्टलवर चालणाऱ्या संचात एकच चॅनेल बंद असेल, तर क्रिस्टलची शंका घ्यावी. एरियल बदलणाऱ्या रिलेचे संपर्क काळवंडल्यास कधी बोलणे, तर कधी ऐकणे बंद पडते. जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळल्यास आवाजात गुणगुण मिसळू शकते. व्हॉल्व्हच्या संचात शेकडो व्होल्टचा दाब असतो व संच बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहू शकतो. अशा संचाचे झाकण प्रशिक्षित व्यक्तीनेच उघडावे.

परवानाप्राप्त केंद्रांनी दरमहा एक दिवस ठरवून, वारंवारता मोकळी असल्याची खात्री करून, अल्पकाळ चाचणी घ्यावी. व्होल्टेज, बाहेर जाणारे व परत येणारे वॅट नोंदवहीत लिहावे. आकडा महिन्यामागून महिना घसरू लागला, तर बिघाडाची सूचना पुरापूर्वीच मिळते. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने संच नुसता पाहून समाधान मानू नये. त्याच्यावरून एक निरोप पाठवून उत्तर मागवावे. संकटात उपयोगी पडेल की नाही, याची खरी कसोटी तीच होय.