मोबाइलची मर्यादित साठवण

छायाचित्र घ्यावयास मोबाइल उचलावा आणि जागा शिल्लक नसल्याची सूचना पडद्यावर उमटावी, हा अनुभव भारतात कोट्यवधी लोकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी घाईघाईने जे पुसले जाते, ते पुष्कळदा नेमके पुसावयास नको असलेले असते. डोळ्यांपुढे असतात ती स्वतः काढलेली छायाचित्रे; म्हणून पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. खरी जागा अडवून बसलेल्या गोष्टी मात्र नजरेआड सुखरूप राहतात.

मोबाइलमधील साठा 'फ्लॅश' जातीच्या स्मृतीत होतो. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. वीज बंद झाली तरी तिच्यातील मजकूर टिकतो, हा तिचा मोठा गुण होय. परंतु पाटीवरचे एक अक्षर पुसून तेथेच दुसरे लिहावे, तसे हिच्यात करता येत नाही. लिहिणे लहान लहान पानांत होते. पुसणे मात्र अनेक पानांच्या गठ्ठ्यानेच. गठ्ठ्यातील काही पाने निरुपयोगी झाली, तर उरलेली कामाची पाने आधी दुसऱ्या रिकाम्या जागी उतरवून घ्यावी लागतात आणि मगच तो गठ्ठा पुसता येतो. ही उतरवाउतरव फोन आपण होऊन करीत असतो आणि तीसाठी त्याला मोकळी जागा लागते. काठोकाठ भरलेला फोन मंदावतो, याचे हे एक कारण आहे. शिवाय सुरक्षिततेसाठी येणाऱ्या सुधारित आवृत्त्याही मग त्यात उतरू शकत नाहीत, आणि हा परिणाम मंदगतीपेक्षा अधिक चिंतेचा आहे.

खोक्यावर ६४ गिगाबाइट छापलेले असले, तरी तेवढी जागा ग्राहकाच्या हाती येत नाही. उत्पादक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. संगणकाच्या जुन्या मोजणीत तो १०७ कोटींहून अधिक भरतो. त्या मापाने ६४ चे सुमारे ५९.६ होतात. त्यातून फोन चालविणारी मूळ प्रणाली आपला वाटा घेते. उरलेल्या जागेत एक साधे छायाचित्र तीन-चार मेगाबाइट व्यापते, तर एका मिनिटाचे चलच्चित्र ६० ते १३० मेगाबाइट. लग्नातील दहा मिनिटांची वरात शेकडो छायाचित्रांची जागा खाते, ती अशी.

तरीही अनेक फोन भरतात ते मालकाने काढलेल्या चित्रांनी नव्हे, तर न मागता आलेल्या चित्रांनी. सणावारांच्या शुभेच्छा, रोज सकाळची फुले आणि सुविचार व्हॉट्सॲपवरून येतात आणि आपोआप उतरवून घेण्याची सोय चालू असेल तर मुकाट्याने साठत जातात. अँड्रॉइड फोनमध्ये आपण इतरांना पाठविलेल्या चित्राचीही वेगळी प्रत ठेवली जाते. हा उपद्रव एवढा सार्वत्रिक की, नको असलेल्या फायली वेचून काढणारे 'फाइल्स गो' हे ॲप गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतातच प्रसिद्ध केले. व्हॉट्सॲपच्या मांडणीतही साठ्याचा स्वतंत्र विभाग आहे. अनेकदा पुढे ढकललेल्या आणि पाच मेगाबाइटहून मोठ्या फायली तेथे वेगळ्या दिसतात. साफसफाईचा प्रारंभ येथून करावा, छायाचित्रांच्या संग्रहातून नव्हे.

काय पुसावे याची कसोटी आकार ही नसून, ती वस्तू पुन्हा मिळेल की नाही, ही आहे. चित्रपट, नकाशे, क्वचित वापरात येणारी ॲपे पुन्हा उतरविता येतात. आजीच्या आवाजातील दहा सेकंदांचा निरोप जागा जवळजवळ व्यापतच नाही. पण एकदा गेला की बहुधा कायमचा जातो. हीच कसोटी ॲपच्या साठ्यालाही लागू पडते. 'कॅशे' म्हणजे काम लवकर व्हावे म्हणून ॲपने हाताशी ठेवलेला तात्पुरता साठा. तो पुसला तरी पुन्हा तयार होतो. त्याच्या शेजारीच सर्व साठा पुसण्याचे बटण असते. व्हॉट्सॲपच्या बाबतीत ते दाबले आणि आधी प्रत काढलेली नसली, तर वर्षानुवर्षांची संभाषणे नाहीशी होतात. दोन बटणांत अंतर बोटभर. परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचे.

इंटरनेटवरील साठवणीचा आधार घेणाऱ्यांचीही गफलत होते. गूगल फोटोजमध्ये प्रत आहे, तेव्हा फोनमधील चित्र बिनधास्त पुसावे, असे पुष्कळांना वाटते. पण त्या ॲपमधून नेहमीच्या रीतीने चित्र पुसले की दूरची प्रतही कचरापेटीत जाते आणि ६० दिवसांनी नष्ट होते. केवळ फोनमधील प्रत काढावयाची, तर जागा मोकळी करण्याची वेगळी सोय तेथे दिलेली आहे. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे जीमेलसह मिळणाऱ्या १५ गिगाबाइटच्या मोफत मर्यादेत मोजली जातात, त्यामुळे ते कोठारही अथांग नाही.

मेमरी कार्ड बसविता येणाऱ्या काही अँड्रॉइड फोनांत ते कार्ड फोनच्याच स्मृतीचा भाग करण्याचा पर्याय असतो. तसे केले की कार्ड त्या एका फोनला बांधले जाते आणि फोन निकामी झाल्यास त्यावरील मजकूर अन्यत्र वाचता येत नाही. छायाचित्रांसाठी घेतलेले कार्ड म्हणून सुटेच वापरणे बरे. ते काढून कोणत्याही संगणकाला जोडता येते.