स्कॅनर घेताय? आधी ड्रायव्हर बघा!

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत जवळ आली की ढेबेवाडी फाट्यावर झेरॉक्सवाल्याकडे ताटकळण्यापेक्षा 'आपलाच एक स्कॅनर घेऊ' अशी टूम होस्टेलवर निघतेच. महाडीबीटीवर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला सगळंच स्कॅन करून चढवावं लागतं ना! मग चार पार्टनर वर्गणी काढतात, कुणाचा तरी जुना स्कॅनर रूमवर येतो. केबल लावली, दिवा लागला, आणि कॉम्प्युटर म्हणतो, हे उपकरण मला ओळखता येत नाही. बऱ्याचदा बिघाड स्कॅनरमध्ये नसतोच.

स्कॅनर पानाची एकेक ओळ वाचून आकडे पाठवतो, पण ते स्वतःच्या कंपनीच्या भाषेत. दुभाष्याचं काम ड्रायव्हरचं. सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर यांनी आपसात कसं बोलायचं हे ठरवणारा 'ट्वेन' हा करार 1992 चा. मायक्रोसॉफ्टचा 'विया' 2000 साली विंडोज एमईबरोबर आला.

खरी गोम पुढेच आहे. 64 बिटच्या विंडोजला यूएसबीचा ड्रायव्हरही 64 बिटचाच लागतो, आणि एक्सपीच्या काळातल्या कित्येक स्कॅनरना कंपन्यांनी तो कधी दिलाच नाही. 2021 ला आलेली विंडोज 11 तर 32 बिटमध्ये मिळतच नाही. म्हणजे यंत्र ठणठणीत, पण दुभाष्या नाही! आणखी एक गंमत: ट्वेनचा ड्रायव्हर 32 बिटचा असेल तर तो 64 बिटच्या सॉफ्टवेअरला थेट दिसत नाही. अशा वेळी 32 बिटचं सॉफ्टवेअर टाकून बघा, स्कॅनर 'जिवंत' होतो.

म्हणून पैसे देण्याआधी स्कॅनर उलटा करा आणि मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते. कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर नसेल तर लिनक्सच्या 'सेन' प्रकल्पाची यादी बघा. विंडोजने वाळीत टाकलेले बरेच स्कॅनर तिथे सुखाने नांदतात. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन जा, लॅपटॉप त्यावर सुरू करा आणि विकणाऱ्यासमोरच एक पान काढा. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

हो, आणि खडखड आवाज आला तर लगेच घाबरू नका! बऱ्याच फ्लॅटबेडना खाली किंवा बाजूला प्रवासाचं कुलूप असतं, ते आधी उघडा. वेगळा अ‍ॅडॅप्टर नसलेले स्कॅनर यूएसबीवरच वीज घेतात. ते हबला न लावता थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा.

एकदा चालू झाला की सगळं 600 डीपीआयवर काढायची हौस नको. ए-फोर पान 300 डीपीआयला रंगीत काढलं तर 2480 गुणिले 3508 ठिपके, प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे दाबण्याआधी सुमारे 26 एमबी. दाखल्याला 200 डीपीआय ग्रेस्केल पुरतं, तेच पान 4 एमबीच्या आत येतं. जेपेग केल्यावर आणखी लहान होईल, फक्त शिक्का आणि बारकोड वाचता येतोय ना, ते अपलोड करण्याआधी मोठं करून बघा.