धंद्याच्या ईमेलसाठी कोणता प्रोग्राम घ्यावा?



उसाबरोबर रोपवाटिका, गुऱ्हाळ किंवा ठिबकचं दुकान चालवणारे आपले सभासद आता दरपत्रकं नि बिलं ईमेलने पाठवतात. आमच्या पाहण्यातल्या एका रोपवाटिकेचा संगणक ऐन लागणीत बंद पडला आणि रोपांच्या मागणीची सगळी पत्रं त्याबरोबर गेली. टपाल पॉप पद्धतीने संगणकात उतरत होतं नि सर्व्हरवरून पुसलं जात होतं. म्हणून आयमॅप पद्धत निवडावी. तीत मूळ पत्र सर्व्हरवर राहतं. फोनवर नि संगणकावर तेच दिसतं.

एकट्याचा धंदा असेल तर जीमेल पुरे. त्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. फोटो नि ड्राइव्हही त्यातच मोजतात. दोन-तीन खाती एके ठिकाणी पाहायची, तर थंडरबर्ड घ्यावं. तेही फुकट आहे.

मात्र आयमॅपमध्ये एकीकडे पुसलेलं पत्र सगळीकडून पुसलं जातं. म्हणून बेणं राखून ठेवतो, तशी महत्त्वाच्या पत्रांची प्रत वेगळी ठेवावी. खातं मालकाच्याच फोन नंबरावर असावं. दुहेरी पडताळणी चालू करावी. एवढं आजच करून घ्या; हंगामात सवड मिळत नाही.

— ऊस विकास अधिकारी