नवा प्रकल्प : आधी एक पान लिहू



गेल्या गटसभेत प्रेसमडपासून गॅस काढण्याचा विषय निघाला. हा गॅस शुद्ध करून दाबाने भरला की त्यावर गाड्या चालतात. २०१८ साली केंद्र सरकारने 'सतत' योजना आणल्यापासून तेल कंपन्या तो विकत घेऊ लागल्या. एक जण म्हणाले, "उद्याच यंत्रं मागवा!" मागून एका जुन्या सभासदाने विचारले, "अन् मग आमच्या रानात काय टाकायचं?"

दोघांचेही खरे आहे. पण दोघांच्या मनातला प्रकल्प एक नाही. म्हणून दरपत्रके मागविण्यापूर्वी एक पानाचे टिपण लिहावे, असे आम्हांस वाटते. त्यात चार प्रश्नांची उत्तरे हवीत.

१. कशासाठी? 'उत्पन्न वाढावे' एवढ्याने भागत नाही. गॅस विकून ऊसदराला हातभार लावायचा, की कारखान्याचा डिझेलखर्च वाचवायचा? मुख्य हेतू एकच लिहावा. पुढे ओढाताण झाली तर कोणाचे ऐकायचे, हे त्यावरून ठरते.

२. माल किती? समजा, रोज ५,००० टन गाळप आहे. प्रेसमड ४ टक्के धरला तर रोज २०० टन. सुमारे २५ टनांमागे १ टन गॅस, म्हणजे रोज ८ टन. पण १२० दिवसांचा हंगाम संपल्यावर काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तोच प्रेसमड साठवून ३०० दिवस पुरवला, तर रोज ८० टन मिळेल आणि गॅस ३.२ टनच निघेल. शिवाय पडून राहिलेल्या प्रेसमडचा कस उतरतो, तो वेगळाच. यंत्र केवढे घ्यायचे, ते हा हिशोब सांगेल. यंत्र विकणाऱ्याने सांगायचे नाही.

३. कशाच्या भरवशावर? ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करणे ऐन हंगामात थांबविले. आठवडाभरात ते थोडे सैल केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षापुरते निर्बंध उठविले. धोरण असे फिरू शकते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. तेव्हा दर किंवा धोरण बदलले तर हप्ता कशातून भरणार, हेही लिहावे.

४. काय करायचे नाही? गॅसमध्ये मुख्यतः कर्ब जातो. नत्र, स्फुरद, पालाश बहुतांशी मागे उरलेल्या रबडीत राहतात, म्हणून तिचे खत होते. 'सभासदांचे खत बंद होणार नाही' ही ओळ टिपणात हवीच. किती टन, कोणत्या दराने आणि केव्हा, हेही त्यापुढे हवे.

हे टिपण गटागटांत वाचून दाखवावे. पुढे त्यात फरक केला, तर तारीख घालून कारण लिहावे. तोंडी ठरलेले ज्याला जसे सोयीचे तसे आठवते. कागद मात्र सर्वांना एकच सांगतो.

सभेत हात वर करण्याआधी एवढेच विचारा : "ते पान कुठं आहे?"