कार्यालयातील अंतर्गत दूरध्वनी : रचना व उपयोग

दळणवळणाची साधने हा घटक शिकविताना टपाल, तार, दूरध्वनी अशी नामावळी पाठ करून घेण्याकडे पुष्कळ शिक्षकांचा कल असतो. त्यांपैकी तारसेवा आपल्या देशात २०१३ साली बंदही झाली. दूरध्वनी मात्र आता प्रत्येक पालकाच्या खिशात आहे. तरीही रुग्णालयाच्या किंवा कचेरीच्या एकाच क्रमांकावर फोन केला असता वीस मेजांपैकी नेमक्या एका मेजावर घंटा कशी वाजते, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. तो काढण्याजोगा आहे. कारण त्यात गणितही आहे, विज्ञानही आहे आणि नागरिकशास्त्रही आहे.

आरंभ फळ्यावर करावा. पाच ठिपके काढून प्रत्येक ठिपका उरलेल्या सर्वांशी रेघेने जोडण्यास सांगावे. दहा रेघा होतात. ठिपके बारा केले तर रेघा ६६ होतात. आता मध्यभागी एक चौकोन काढून प्रत्येक ठिपका केवळ त्या चौकोनास जोडावा. बारा ठिपक्यांना बाराच रेघा पुरतात. हा चौकोन म्हणजेच कार्यालयातील विनिमय केंद्र होय. व्यवहारात त्यास ईपीएबीएक्स किंवा नुसते इंटरकॉम म्हणतात. चौकोनातून बाहेर जाणाऱ्या रेघा दोन-तीनच असल्या तरी चालते, कारण बारा माणसे एकाच क्षणी बाहेर बोलत नसतात. आतील प्रत्येक यंत्राला दोन किंवा तीन अंकी अंतर्गत क्रमांक असतो, आणि आतल्या आत बोलण्यास बाहेरची तार लागत नाही.

पूर्वी हे जोडकाम माणूस करीत असे. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ च्या जानेवारीत विनिमय केंद्रे सुरू झाली, तेव्हा फळीवरील छिद्रांत दोऱ्या खुपसूनच दोन ग्राहक जोडले जात. अमेरिकेतील आल्मन स्ट्राउजर या गृहस्थाने १८९१ मध्ये स्वयंचलित जोडणीचे एकस्व मिळविले. व्यवसायाने तो अंत्यविधीचे साहित्य पुरविणारा होता, हे मुलांना सांगितले तर शोध लावण्यास प्रयोगशाळाच लागते असा समज जरा ढिला होईल. १९६३ साली बटणांचा दूरध्वनी आला. त्याच्या प्रत्येक ओळीला एक सूर आणि प्रत्येक स्तंभाला एक सूर असतो. पाच हे बटण दाबले की सेकंदाला ७७० व १३३६ कंपनांचे दोन सूर एकदम निघतात आणि केंद्र त्या जोडीवरून अंक ओळखते. पेटी वाजविणाऱ्या शिक्षकांना हे समजावून देणे सोपे जाईल.

केंद्र बसविताना सर्वांत अधिक विचार क्रमांकांच्या योजनेचा करावा लागतो. केंद्र अंक एकामागून एक ऐकते. म्हणून पहिल्या अंकावरच त्याला वाट कळली पाहिजे. बाहेरच्या तारेसाठी शून्य राखून ठेवले असेल, तर कोणाचाही अंतर्गत क्रमांक शून्याने सुरू होता कामा नये. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. म्हणजे अशा कार्यालयात शून्य दोनदा दाबावे लागते. एक बाहेर पडण्यासाठी, दुसरे क्रमांकाचा भाग म्हणून. नवीन आलेला लिपिक येथे हटकून अडखळतो आणि दोष यंत्राला देतो.

ही गोष्ट केवळ गैरसोयीची नाही. १ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्शल या गावातील एका हॉटेलच्या खोलीत एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा संकटकाळचा क्रमांक चार वेळा फिरविला. घरी तिला तोच शिकविला होता, आणि तो बरोबरच होता. परंतु त्या खोलीतून बाहेर फोन करण्यास आधी आणखी एक ९ दाबावा लागे, हे मुलीला ठाऊक नव्हते. फोन लागला नाही. आई वाचली नाही. पुढे २०१८ मध्ये तेथे कायदा झाला. त्यानुसार नव्या केंद्रांतून हा क्रमांक कोणताही जादा अंक न लावता थेट लागला पाहिजे, आणि तो फिरविल्याची सूचना इमारतीतील जबाबदार माणसालाही मिळाली पाहिजे. त्या मातेच्या नावावरून तो ‘कारीज लॉ’ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे ११२ हा क्रमांक मुलांना शिकविला जातो. तेव्हा अंतर्गत क्रमांक १ ने सुरू न करणे आणि ११२ थेट लागेल अशी व्यवस्था बसविणाऱ्याकडून करून घेणे शहाणपणाचे आहे. पोलिसांना पूर्वसूचना न देता तो उगीच लावून मात्र पाहू नये.

इतर सोयी थोडक्यात सांगता येतील. आलेला फोन दुसऱ्या मेजाकडे देताना फ्लॅशचे बटण दाबून अंतर्गत क्रमांक फिरवितात. पलीकडील व्यक्ती बोलू लागल्यावर कोण आहे व काम काय आहे हे सांगून मगच आपला रिसीव्हर ठेवावा. आंधळेपणाने फोन ढकलला की पालकाला तीच कथा तीन जणांना सांगावी लागते. मेजावर कोणी नसेल तर ठराविक घंटांनंतर फोन दुसरीकडे वळविण्याची सोय असते. शेजारच्या मेजावर वाजणारा फोन आपल्या यंत्रावर घेता येतो. या सोयींचे अंक प्रत्येक बनावटीत निराळे असतात, म्हणून ते पुठ्ठ्यावर लिहून यंत्राजवळ टांगावेत. यंत्राबरोबर आलेला मूळ संकेतांक मात्र पहिल्याच दिवशी बदलावा. तो न बदलल्यास परका मनुष्य दुरून केंद्रात शिरून परदेशी फोन करतो आणि देयक कार्यालयाला येते. ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ असे सांगणारा स्वयंचलित आवाज मोठ्या रुग्णालयास शोभतो. चार मेजांच्या कचेरीत तो येणाऱ्याची परीक्षाच पाहतो.

वीज गेल्यावर काय होते, हे आधीच तपासावे. बॅटरी नसलेले केंद्र वीज जाताच मुके होते. काही केंद्रांत अशा वेळी बाहेरची तार आपोआप एका ठराविक यंत्राला थेट जोडली जाते. ते यंत्र कोणते, हे शिपायापासून सर्वांना माहीत असावे, आणि ज्या खोलीला रात्री कुलूप लागते त्या खोलीत ते नसावे.