देहाची पारख



महासाथीच्या काळात विद्यार्थ्यांच्या शरीराचे आणि मनाचे जे झाले, ते विद्यापीठात शिकता शिकता व्यायामाला लागलेल्या प्रत्येक मुलीने नीट समजून घ्यावे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, महाविद्यालये त्याआधीच बंद झाली होती आणि महाराष्ट्रातील व्यायामशाळा तर २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, उघडल्या. मुद्दाम केलेल्या व्यायामाबरोबरच बसथांब्यापर्यंतची चाल, जिने, ग्रंथालयाच्या फेऱ्या अशी नकळत घडणारी हालचालही त्यामुळे थांबली.

याच काळात देहप्रतिमेवर, म्हणजे स्वतःच्या शरीराविषयी मनात वसलेल्या चित्रावर आणि त्याला चिकटलेल्या भावनांवर, दुहेरी ताण आला. ऑनलाइन तासाला पडद्यावरच्या छोट्या चौकटीत विद्यार्थ्याला स्वतःचाच चेहरा सतत दिसू लागला. शिवाय मोबाइल जवळ धरला की कॅमेऱ्यालगतचे नाक असते त्याहून मोठे दिसते, हे ठाऊक नसलेल्याला तो चेहऱ्याचाच दोष वाटे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांतानुसार, मोजण्याचे वस्तुनिष्ठ साधन हाती नसले की माणूस इतरांकडे पाहून स्वतःची पारख करतो. मित्रमैत्रिणी दुरावलेल्या विद्यार्थ्यासमोर तुलनेसाठी मुख्यतः इन्स्टाग्रामवरील निवडून, सजवून टाकलेली छायाचित्रे उरली.

म्हणून व्यायामाचा हिशेब आरशावर किंवा वजनकाट्यावर सोपवू नये. खाण्यापिण्यामुळे वजन एका दिवसातही किलोभर वरखाली होऊ शकते, आणि त्या आकड्यावर मन टांगून ठेवणाऱ्याचा उत्साह लवकर मावळतो. त्याऐवजी धाप न लागता किती सूर्यनमस्कार झाले, चौथा मजला चढताना श्वास कितपत फुलला, रात्री झोप गाढ लागली का, हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची, म्हणजे बोलता येईल पण गाणे जमणार नाही इतपत, हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे आणि दोन दिवस जोर-बैठका एवढ्यात हे साधते, व त्यासाठी वर्गणी लागत नाही की यंत्रे.

मात्र जेवल्याची शिक्षा म्हणून व्यायाम करणे, एक दिवस चुकला तरी अपराधी वाटणे किंवा दुखापत अंगावर काढून तो रेटणे, ही आजाराकडे नेणाऱ्या सक्तीची लक्षणे आहेत; ती दिसताच घरी मोकळेपणाने सांगावे आणि समुपदेशकाचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तापातून उठलेल्याने श्रम हळूहळू वाढवावेत, आणि छातीत दुखल्यास वा चक्कर आल्यास लगेच थांबून डॉक्टरांकडे जावे.

ज्या शरीराच्या बळावर अभ्यास, प्रवास आणि उद्याची नोकरी निभवायची आहे, त्याला दोष देत बसण्यापेक्षा परीक्षेच्या दिवसांतही त्याच्यासाठी रोजचा अर्धा तास राखून ठेवण्यातच खरे हित आहे.