हार्ड डिस्क बदलताना

आमच्या विंगमध्ये प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की एकाची तरी हार्ड डिस्क जातेच. मग तो विचारतो, "किती जीबीची घेऊ?" मी विचारतो, तुझ्या मशीनमध्ये बसते कुठली? भंडाऱ्याहून नागपूरला सीताबर्डीत जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस. म्हणून आधी स्क्रू खोलून बघावं.

डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची, लॅपटॉपची अडीच इंची. त्यातही 7 मिमीच्या जागेत 9.5 मिमी जाडीची जात नाही. खूप जुन्या पीसीत 40 पिनांची रुंद पट्टी दिसली तर ते आयडीई, साटाची डिस्क तिथे सरळ लागत नाही.

खरा गोंधळ एम.2 चा. साटा आणि एनव्हीएमई, दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच. माझ्या रूममेटने एनव्हीएमई आणली, स्लॉट निघाला फक्त साटाचा! लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण?

विंडोजसाठी माझं मत एसएसडीलाच. 7200 आरपीएमची डिस्क अर्धा फेरा फिरायलाच सुमारे 4 मिलीसेकंद घेते, एसएसडीत फिरणारं काही नाहीच. सिनेमे साठवायला मात्र जुन्या पद्धतीची डिस्क स्वस्त पडते. आणि 512 जीबीची घेतल्यावर विंडोजने 476 दाखवलं तर दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने.

जुनी डिस्क खट-खट वाजत असेल तर ती सारखी चालू-बंद करू नका. रिपोर्ट तिच्यातच अडकला असेल तर फॉरमॅटला हातही लावायचा नाही. आधी डेटा काढणाऱ्याला दाखवा, नवी डिस्क दोन दिवसांनी आणली तरी चालेल.